थांबा की रद्द

"अरं, बंदच करायचंय न्हवं? मग पाड की खटका! म्हस इकायला निघालाईस काय, एवढा इचार करायला?"

वजनकाट्याच्या खोलीत नागोजी दारातनं निम्मा आत आलता. आदर्शनं मान वर केली न्हाय. रातपाळी त्यानंच केलती, बदलीचा गडी उगवलाच न्हाय म्हणून दिवसपाळीबी त्याच्याच गळ्यात पडलती. डोळं तंबाखूच्या वखारीत झोपून उठल्यागत लाल झालतं.

"मामा, खटका पाडला तर आत तुंबल्याली वजनं समदी मरत्यात. बंद हो म्हणून सांगितलंय मी सर्व्हरला. आता नवं काय घेत न्हाय. आत घेतल्यालं तेवढं निस्तरतंय, मग आपसूक बंद हुतंय. मग पुन्यांदा चालू करायचं."

"म्हंजे खडेबाजारातल्या शेटजीगत. शटर निम्मं खाली, अन आतल्या गिऱ्हाइकांचं तेवढं उरकायचं."

"व्हय. तसंच."

निपाणीच्या अंगाला असलेल्या त्या साखर कारखान्याचा काटा सकाळपास्नं अडलाता. बेळगावच्या हापिसाकडची नेटची लाईन गेली, अन तवापास्नंची वजनं सर्व्हरच्या पोटातच तुंबली. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कुठंच उतरलं न्हाय. आता लाईन आली, पर सर्व्हर पार गुदमरलाता. बंद करून चालू केल्याबिगर नवी गाडी घेता येत न्हवती. ऊस मात्र कुणाची वाट बघतोय? त्यो गव्हाणीत पडून, चिरडून, रस हून कवाच फुडं गेलता. ज्याची पावती निगंल त्याचाच ऊस आला म्हणायचा.

कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरला. ऊस घालून खोळंबल्याल्या तिघांतली पयली रवळूची पावती आली. लई येळानं ज्योतिबाची. पावती हातात पडली की माणूस मागं वळून बघत न्हवता, थेट ट्रॅक्टरवर.

ऱ्हायला नागोजी एकटा.

"माझी कुठं आडली रं?"

"येतीया."

"येतीया, येतीया! तिकडं पोरीला बघायला खानापूरचं पावणं निघाल्यात. बाप कुठाय म्हणलं तर बायकोनं काय सांगायचं? कंप्युटरची नाडी बघत बसलाय म्हणून?"

आदर्शला हसू येणार व्हतं, पर तेवढीबी ताकद उरली न्हवती. पडद्यावर नुसतं एक चाक फिरत व्हतं. किती ऱ्हायलं, कुणाचं ऱ्हायलं, काय सांगत न्हवतं. आत जीव हाय का गेलाय, ते त्या चाकावरनंच वळखायचं.

भाईर भोंगा बोंबलला. मागल्या गाडीवाल्यानं, भरमानं, ट्रॅक्टर थेट काट्यावर चढवायला घेतलता. "लगून माड्रो!" म्हणून वर बसून कानडीत लौकर आवरा म्हणत वरडत व्हता. आदर्शचं डोस्कं सणकलं.

"मामा, थांबा हितंच," म्हणाला अन भाईर पळाला.

"दिसत न्हाय व्हय रं? काटा बंद हाय!"

"तुमचा काटा चालू कवा असतोय, ते सांग आधी!"

बरीच जुंपली. भरमानं आदर्शच्या बाचा उद्धार केला, आदर्शनं त्याच्या ट्रॅक्टरचा. शेवटाला गाडी चार पावलं मागं सरली. आदर्श घाम पुसत आत आला, तर नागोजी त्याच्या खुर्चीत. मूठ माऊसवर, कोंबडीचं पिल्लू धरल्यागत. तोंडभर हसू.

"झालं बघ! म्या केलं."

पडदा काळा व्हता. चाक न्हवतं.

"काय केलासा?"

"अरं, मधीच एक पाटी आली की. 'एक काम अजून चालू आहे.' त्याच्या खाली दोन बटणं. एक 'थांबा', एक 'रद्द'. म्या काय खुळा हाय? रद्द दाबलं असतं तर माझा काटाच रद्द झाला असता! म्हणून थांबा दाबलं. तूबी थांबाच म्हणालातास न्हवं?"

आदर्श खुर्चीची पाठ धरून उभा ऱ्हायला. ती पाटी बसवली तवा त्यानं बेळगावच्या इंजिनिअर बाईला इचारलं व्हतं, "आरोही म्याडम, हे थांबा म्हंजे काम थांबवा, का वाईच दम धरा?" बाई म्हणाली, इंग्रजीत स्टॉप हाय, मराठीत थांबाच हुणार. दाबलं की असंल तिथनं काम तोडतंय. अन रद्द म्हंजे बंद करायचं रद्द, काम चालू ऱ्हातंय. त्यानं ते डोस्क्यात ठेवलं. कुणाला सांगितलं न्हाय. हितं दुसरं कोण बसणार व्हतं?

त्यानं हात लांब करून सर्व्हर चालू केला. पडदा उजळला. न्हाऊन-धुऊन आल्यागत ताजा, जसं काय झालंच न्हाय. त्यानं आजची वजनं उघडली. रवळू. ज्योतिबा. त्याच्या खाली कोरं.

"मामा," आदर्शनं पडद्यावरची नजर न काढता इचारलं. "भरल्या गाडीचं वजन ध्यानात हाय काय तुमच्या?"

"माझ्या कशाला? तुझ्या मशिनीत हाय की."

"ऊस समदा पडला गव्हाणीत?"

"कवाच! एक कांडं म्हणून ठेवलं न्हाय. दुसऱ्या खेपेचा खोडवा असून असला ऊस, गव्हाणीवरचा गडीबी बघतच ऱ्हायला."

नागोजी उठला. टोपी झटकून डोक्यावर सारकी केली, अन प्रिंटरच्या तोंडाम्होरं हात धरून उभा ऱ्हायला, चरकाखाली गिलास धरल्यागत.

"काढ बाबा लौकर. मला आता जायला पायजे."