समोरचा पाय

सकाळी अकरा वाजता सरोजिनीताई खुर्चीतून उठल्या. समोरचा वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरून, स्वतःकडे ओढत उठल्या. वॉकर जागचा हलला नाही.

"ना मासी, ना!" व्यायाम करवून घ्यायला येणारी कोमल ओरडलीच. "ओढायचा नाही तो. हात खुर्चीच्या हातांवर, तिथून जोर. नीट उभं राहिलं की मग वॉकर. ओढला तर अंगावर येईल तुमच्या."

"आला का?"

कोमलने मासींना बाजूच्या पलंगावर बसवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि वॉकर ओढला. पुढचे पाय टपकन उचलले गेले, आडवी दांडी तिच्या छातीवर आली.

"बघा! मग तुम्हाला कसं जमतं?"

स्वयंपाकघराच्या दारातून सून बघत होती. सरोजिनीताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पूर्णिमा सुरतेहून येऊन राहिली होती. कोमलबेन हो म्हणाल्या तर आई इथेच, कारेलीबागेतल्या घरी एकट्या राहतील. नाहीतर मुलगा सलील रविवारी गाडी घेऊन येणार होता, त्यांना सुरतेला न्यायला.

वॉकर त्यांच्या यजमानांचा, दिनकररावांचा. ते उठायचे तेव्हा सरोजिनीताई समोर उभ्या राहत, खालच्या दांडीवर पाय दाबून ठेवत. "पाय आहे ना?" ते विचारायचे. "आहे, उठा." मग ते ओढून उठायचे. हे चुकीचं आहे असं दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. उलट आपली युक्ती म्हणून ते पाहुण्यांना करून दाखवायचे. "हिच्या एका पायावर संसार उभा आहे," म्हणायचे. गेल्या दसऱ्याला सकाळी सरोजिनीताई खाली फाफडा-जिलबीच्या रांगेत होत्या. दिनकरराव खुर्चीतून उठायला गेले. समोर पाय नव्हता. ते पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

त्या दिवशीही त्यांनी आधी विचारलं असेल का, हे सरोजिनीताईंना अजून कळलेलं नाही.

"चालो मासी, पुन्हा," कोमल म्हणाली. "आता बराबर करा. मला सलीलभाईंना फोन करायचाय."

सरोजिनीताई खुर्चीत बसल्या. वॉकर समोर ठेवला गेला. हात खुर्चीवर ठेवले तर वॉकर धरून ठेवायची कोणाला गरज पडणार नव्हती. मग कोणी का यावं? आणि ओढून उठलं, तर घर सुटणार होतं. सुरतेच्या फ्लॅटमध्ये ही खुर्ची नव्हती.

त्यांचे हात वॉकरकडे गेले. मुठीपर्यंत जाऊन थांबले. मग परत आले, खुर्चीच्या हातांवर बसले. त्या पुढे सरकल्या, पावलं जमिनीवर टेकवली, खुर्चीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. वॉकरला हात शेवटी लावला.

"शाबाश!" कोमल टाळी वाजवत म्हणाली. "पूर्णिमाबेन, सांगा सलीलभाईंना. मासी इथेच राहणार."

कोमल गेली. सरोजिनीताईंना खुर्चीत बसवून पूर्णिमाने लादी पुसायला घेतली. वॉकर बाजूला करायला तिने तो एका हाताने उचलला. ॲल्युमिनियमचा, हलका, रोजच उचलायची. आज उचलला गेला नाही. तिने फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात लावले.

"आई, कशात अडकलाय का हा?"

सरोजिनीताई वॉकरच्या पलीकडे, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होत्या.

"अहो, झालं माझं उठून," त्या हळू म्हणाल्या. "पाय काढा आता."

दुपारचे चार वाजले आहेत. वॉकर खुर्चीसमोर तिथेच आहे, आणि त्याच्याभोवतीची लादी पुसायची राहिली आहे. पूर्णिमाने त्याला पुन्हा हात लावून पाहिलेला नाही.