साहेबांची उचकी

सव्वाअकराला खांबेटेसाहेबांना उचकी लागली आणि त्यांच्या पंप कंपनीचा शेअर धडाधड पडू लागला. कंपनीप्रमुखाच्या मनगटावरचा पट्टा त्याची तब्येत थेट बाजाराला कळवणार, असा कायदा झाल्यापासून साहेबांनी मिसळ सोडली होती, जिना सोडला होता. उचकी मात्र त्यांना सोडेना. बाराला जर्मन पाहुणे करारावर सही करणार होते. तो मोडला तर सांगलीचा कारखाना बंद पडणार होता. पाहुणेही शेअरकडेच बघत होते.

"पाणी घ्या," सेक्रेटरी अनुजा म्हणाली.

"सातवा ग्लास आहे."

"मग दचकवू का?"

"नको, नाडी वाढली तर आणखी पडेल."

"कुणीतरी आठवण काढतंय, साहेब. बरोबर नाव घेतलं की थांबते."

"अगं, दोन लाख भागधारक आठवण काढतायत. कुणाकुणाचं घेऊ?"

तरी त्यांनी यादी उघडून आपट्यांपासून बापटांपर्यंत नावं घेतली. शेवटी थकून म्हणाले, "शकूमावशी. रविवारी फोन करायचा राहिला."

उचकी थांबली. कायद्याप्रमाणे अनुजाने बाजाराला कळवलं, 'उपचार: शकूमावशी, चिपळूण.' शेअर उसळला, करार झाला.

तीन वाजता साहेबांनी चिपळूणला फोन लावला.

"मावशी, सकाळी माझी आठवण काढलीस ना?"

"मग काय, रविवारपासून काढतेय. पण आता ठेव फोन. दारात चार दलाल बसलेत, माझा गुडघा कसा आहे विचारतायत."

"तू काय सांगितलंस?"

"खोटं कशाला बोलू? ठणकतोय म्हटलं."

साहेबांना उचकी लागली.