ग्राइंडरची महानवमी

"अत्ते, ह्यानं घासू? लवकर होतं," असं म्हणत सहानानं तारेची घासणी उचलली आणि भागीरथीबाईंनी सुनेचं मनगट वरच्या वर धरलं.

"अय्यो, बेड, नको! चरे पडतील. स्टीलला रेघ असते, बघ. त्या रेघेच्या अंगानं पुसायचं, आडवं नाही."

ग्राइंडर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीला बोल्ट मारून बसवलेला होता, भागीरथीबाईंच्या कमरेइतका उंच. त्यात वाटलेलं डोशाचं पीठ अर्ध्या अग्रहारात, आसपासच्या घराघरांत, विकलं जात असे. आज महानवमी, आयुधपूजा. आज घरातल्या हत्यारांना आणि यंत्रांना सुट्टी, म्हणून पीठ मिळणार नाही असं गिऱ्हाइकांना कालच सांगून झालं होतं. सकाळपासून भागीरथीबाई त्या ग्राइंडरच्याच मागे लागल्या होत्या. काठाला वाळून बसलेलं पीठ त्यांनी खरवडलं नाही. ओलं फडकं गुंडाळून ते मऊ होईपर्यंत थांबल्या. मग साबणाचं कोमट पाणी, पाण्याच्या पांढऱ्या डागांवर लिंबाची फोड, लगोलग कोरडं फडकं, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या अंगाला खोबरेलाचे दोन थेंब. ड्रम असा लखलखला की सहानानं त्यात बघून टिकली नीट केली. एरवी सासूबाई रागावल्या असत्या. पण त्यांचीच छाती अभिमानानं फुगली होती, राग येणार कुठून!

बाहेर हॉलमध्ये वेगळाच थाट होता. चौरंगावर लाल कापड, शेवंतीच्या माळा आणि मधोमध घराण्याची तलवार. भागीरथीबाईंचे यजमान जगन्नाथराव तिच्या पात्यावरून तेलाचा बोळा फिरवत होते. त्यांचे चुलतभाऊ तिरुमलराव दरवर्षी ह्या पूजेसाठी हुणसूरहून बसनं येत, आणि आल्यापासून पान वाढेपर्यंत आपले पूर्वज किती शूर होते तेच सांगत बसत. मग तलवारीची आरती होई, पुरुषमंडळी जेवून उठत, आणि सगळं आवरल्यावर भागीरथीबाई एकट्याच आत जाऊन ग्राइंडरला कुंकवाचं बोट लावत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. यंदा मात्र तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पदराला हात पुसून त्या हॉलच्या दारात आल्या.

"अहो, यंदा ग्राइंडरची पूजा तलवारीबरोबर. एकच आरती. आणि ती तुमच्या हातची."

जगन्नाथरावांचा बोळा जागच्या जागी थांबला. तिरुमलरावांना हसू आवरेना.

"काय वहिनी! तलवारीच्या पंक्तीला पिठाचं मशीन? आपलं शिपायांचं घराणं, गोत्तल्ला? ठाऊक आहे ना?"

"आणि तो फरशीला बोल्ट केलाय की," जगन्नाथराव चाचरत म्हणाले. "हॉलात येणार कसा?"

"तो नाही येणार," भागीरथीबाई म्हणाल्या. "तलवार येऊ शकते."

पेटीतून चौरंगावर आणि चौरंगावरून पेटीत, एवढाच त्या तलवारीचा वर्षाचा प्रवास. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. आपण जरा जास्तच बोलून गेलो की काय, असं भागीरथीबाईंनाही वाटलं. पण बोललेलं मागे घ्यायला त्या तयार नव्हत्या. आज हे नाही म्हणाले तर आपण पुन्हा कधी विचारणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

जगन्नाथराव उठले. बायकोच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेले आणि ग्राइंडरसमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. सहाना फडकं हातात घेऊन भिंतीला चिकटली होती. मग ते तसेच परत आले.

"तिरुमला, ही तलवार शेवटची कुणी चालवली रे?"

"आपल्या खापरपणजोबांनी, अण्णा. असं सांगतात."

"सांगतात." जगन्नाथरावांनी मान डोलावली. "तो ग्राइंडर काल संध्याकाळपर्यंत चालत होता. ते मला कुणी सांगावं लागलं नाही, मी घरातच होतो."

जगन्नाथरावांनी दोन्ही हातांवर तलवार घेतली, लहान मूल घ्यावं तशी, आणि आतल्या दिशेला वळले.

"सहाना, निरांजन घे. उदबत्तीही आण गं, कणे."

भागीरथीबाईंचे डोळे भरून आले. पण रडत बसायला सवड कुठे होती! पदर खोचून त्या पुढे धावल्या. ग्राइंडरसमोर पाट मांडला, त्यावर हॉलमधलं लाल कापड आणून अंथरलं. दारात जगन्नाथराव तलवार घेऊन थांबले होते.

"कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं. ह्या घरात तलवार कुठे ठेवायची हे आजवर कुणी भागीरथीबाईंना विचारलं नव्हतं.

"इथे," त्या म्हणाल्या.

जगन्नाथरावांनी वाकून तलवार पाटावर ठेवली. त्यांच्यामागून तिरुमलराव उंबऱ्यापाशी आले. आत यावं की नाही, ह्या विचारात घुटमळले. मग त्या लखलखीत ड्रमकडे बघून त्यांना राहवेना, आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"या, भाऊजी, आत या," भागीरथीबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "पण हात लावायचा नाही. बोटं उठतात."