पार्शातली चांदबिबी

मोटारसायकली देवळासमोर थांबल्या तेव्हा चांदबिबी किल्ल्याच्या भगदाडात उभी होती. हातात लाकडी तलवार, तोंडावर जाळीचा पडदा, आणि पडद्याआड पार्से गावचा गोकुळदास, साठी उलटलेला काजूचा व्यापारी. गावच्या जत्रेतल्या नाटकात बायकांची कामं अजून पुरुषच करतात. या बिबीपायी त्याने लग्नाआधीपासूनच्या मिशा उतरवल्या होत्या. बायको अजून ओळख देत नव्हती.

गावातल्या पोरांचा म्होरक्या गौरेश पुढे आणि मागे पाच-सहा तरुण, असे सभामंडपात शिरले. तालीम घेणारे परेशमास्तर उठले. "माझी गाय सुटली असेल," म्हणाले आणि निघाले. त्यांच्याकडे गाय नव्हती. मोगल फौज त्याआधीच मागच्या दाराने पसार झाली होती.

"काका, देवळात ही कोण मुसलमानीण नाचयतात तुमी?"

"नाचत नाय रे पुता, लढता." आवाज बिबीचाच निघाला, गोकुळदासचा स्वतःचा कुठेतरी गेला होता. "नगरचो किल्लो राखलो तिणे. दिल्लीच्या बादशहापासून."

"मोबायलार आयलां, नाटकात कव्वाली आसा म्हणून."

"कव्वाली खंयची? आमच्या पेटीवाल्याक दोनच चाली येतात. त्यातली एक आरतीची."

कुणी हसलं नाही.

"नाटक बदला," गौरेश म्हणाला.

गोकुळदासने लाकडी तलवार खाली केली. त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं. "देवापुढे नारळ ठेवलो हा रे, ह्याच नाटकाच्या नावाने. आता बदललं तर देव माका सोडचो नाय."

"आणि नाय बदललं तर आमी," मागून कुणीतरी म्हणालं.

देव क्षमा करतो, असं गोकुळदास लहानपणापासून ऐकत आला होता. या पोरांबद्दल तसं काही कधी कानावर आलं नव्हतं. 'बदलतो' म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गौरेशने विचारलं, "शेवटी काय होता तिचा?"

"मरता."

गौरेशचा चेहरा जरा सैलावला. "मोगल मारतात?"

"नाय रे. त्यांका जमला नाय. तिच्याच किल्ल्यातली माणसां मारतात. ती शत्रूक फितूर झाली, अशी कोणतरी आवई उठयता. मग घोळको महालात घुसता. खरा की खोटा, कोणीच इचारणा नाय."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्या सगळा दाखयतात तुमी? मारपाचा?"

"दाखयतो. पण घोळक्याक माणसां कमी पडतात. दोघांचो घोळको, काय दिसतलो?"

बोलून गेला. गावच्या नाटकात जन्म गेलेला माणूस. माणसं कमी पडतात हे समोर येईल त्याला सांगायची त्याची खोडच होती. आपण कुणाला काय सांगितलं, हे लक्षात आलं तेव्हा पडद्याआड घाम गळ्यापर्यंत उतरला होता.

गौरेशने खाली वाकून गोकुळदासच्या पायांना हात लावला. अगदी आदराने.

"मग होऊं दी नाटक, काका. घोळको आमी."

पोरं वळली. गोकुळदासने तोंडावरचा पडदा वर सारला.

"अरे, पण... तालमीक येऊचा लागता."

गौरेश उंबऱ्यात थांबला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"तालीम कित्याक? ता काम आमकां येता."