परवलीचा शब्द

कॅप्टनने परवलीचा शब्द गिल्बर्टच्या कानात सांगितला आणि पुढे कुंपणाशी बसलेल्या टोबायसला तो पोचवून ये, म्हणून त्याला पिटाळले.

गिल्बर्टला झोंबले ते हेच. टोबायस कालपरवापर्यंत त्याच्या दुकानात हातमोजे शिवायला शिकत होता. कातडे कसे ताणायचे, कात्री कशी धरायची, सगळे गिल्बर्टने शिकवलेले. राजाविरुद्ध पार्लमेंटने सैन्य उभारले, तेव्हा दोघे एकाच दिवशी भरती झाले. दोन हिवाळे गेले. टोबायस सार्जंट झाला, आणि गिल्बर्ट त्याच्यासाठी निरोप घेऊन चिखल तुडवत होता.

टोबायसचा आवाज गोड होता. तो स्तोत्र म्हणू लागला की चुलीपाशी भांडणारी माणसेही गप्प होत. त्याचा विनोद पुरा व्हायच्या आत सगळे हसत. गिल्बर्टने तोच विनोद दुसऱ्या दिवशी करून पाहिला होता. कोणी हसले नव्हते.

शेतांवर अजून धुके होते. टेकडीपलीकडे राजाची फौज होती. दोन्हीकडची माणसे एकाच मातीतली, एकच बोली बोलणारी, अंगावर तसलेच कोट. धुरात आपला कोण नि परका कोण, हे परवलीच्या शब्दावरूनच कळायचे. शब्द चुकला की गोळी.

आजचा शब्द होता, 'देव आमच्यासोबत'.

टोबायस दहा माणसे घेऊन शेतांमधल्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी कुंपणाआड दबून बसला होता.

"या, बंधू गिल्बर्ट," तो म्हणाला. "लांबूनच ओळखलं. राजाच्या माणसांचे बूट इतके कुरकुरत नाहीत."

दहाही जण तोंड दाबून हसले. टोबायसने आपल्या पावाचा अर्धा तुकडा मोडून पुढे केला. गिल्बर्टने तो घेतला नाही.

"शब्द काय दिलाय?"

गिल्बर्टने मागे वळून पाहिले. धुक्यात कोणी नव्हते.

"येशू, तार आम्हाला," तो म्हणाला.

शत्रूचा जोर वाढला तर मागे या, असा टोबायसला हुकूम होता. तो धुरातून धावत येईल, आपलेच लोक शब्द विचारतील आणि तो भलतेच काही सांगेल. लढाईत असे होतच असते. मागाहून कोणी चौकशी करत नाही. गिल्बर्टने त्या दहा जणांचा विचार केला नाही, असे नाही. केला, आणि बाजूला सारला.

ऊन चढायच्या आत तोफा सुरू झाल्या. धुक्यात धूर मिसळला आणि हातभरावरचे दिसेना. मग गल्लीतून टापा ऐकू आल्या आणि त्यांच्यासोबत घोडेस्वारांच्या आरोळ्या. देव आमच्यासोबत, देव आमच्यासोबत.

"आपलेच आहेत," कॅप्टन म्हणाला. "बंदुका खाली घ्या."

रांगेतल्या सगळ्यांनी बंदुका खाली घेतल्या. तेवढ्यात कुंपणाआडून बार उडाले. घोडी किंचाळली. टोबायस आपल्याच स्वारांना मारतोय, असे कोणीतरी म्हणाले, आणि कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला. गिल्बर्टचे मन मात्र हलके झाले. गोळीपेक्षा हे बरे होते. आता टोबायस सगळ्यांसमोर फासावर चढणार होता.

धुरातून एक मोकळा घोडा उधळत आला. त्याच्या खोगिरावर राजाचा मुकुट भरतकामाने काढलेला होता.

पुढचे काम फार वेळ चालले नाही. अरुंद गल्लीत स्वारांना घोडी वळवता येईनात. शेजारच्या तुकडीने मात्र त्यांना आपले समजून आत घेतले होते. तिची निम्मी माणसे कोवळ्या गव्हात पडली होती.

संध्याकाळी खळ्यावर बिअरचे पिंप फोडले. लोकांनी टोबायसला खांद्यावर घेतले. जनरलसाहेब याला अधिकारी करणार, असे कॅप्टनने सांगितले. गिल्बर्ट भिंतीला टेकून उभा होता. त्याला बिअर आंबट लागत होती.

जखम बांधून घेता घेता एक कैदी सांगत होता की, त्यांच्या फौजेलाही आज 'देव आमच्यासोबत' हाच शब्द दिला होता. लोक खो खो हसले. कॅप्टन हसला नाही. तो फार भाविक माणूस होता.

"देव दोन्हीकडे असत नाही," तो एवढेच म्हणाला. मग त्याने टोबायसला खाली उतरवायला सांगितले. स्वारांनी बरोबर शब्द दिला असताना त्याने बार कसे काढले, असे विचारले.

टोबायस गोंधळला. "बरोबर कसा, साहेब? आमचा शब्द 'येशू, तार आम्हाला' होता. बंधू गिल्बर्टनी आणला ना."

सगळे गिल्बर्टकडे वळले. ऐकण्यात चूक झाली, हे उत्तर त्याच्या जिभेवर आले. पण टोबायसने धावत येऊन त्याला मिठी मारली.

"म्हणजे वाचवलं ते यांनी," तो लोकांना म्हणाला. "मी नुसते बार काढले. उचला यांना."

मग जे झाले ते गिल्बर्टच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. लोक त्याच्या नावाने ओरडू लागले. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी पेला भरला.

कॅप्टनने हात वर केला. "चूक झाली, गिल्बर्ट, की तू शब्द मुद्दाम बदललास?"

चूक म्हटले की सगळा मान पुन्हा टोबायसकडे जाणार होता. गिल्बर्टने त्याच्याकडे पाहिले. तो पोरगा कौतुकाने हसत होता.

"मुद्दाम, साहेब," गिल्बर्ट ताठ होऊन म्हणाला. "आपला शब्द पलीकडे गेलाय, हे मला पहाटेच कळलं होतं."

खळ्यावर पुन्हा जयघोष झाला. कॅप्टनने तो ओसरू दिला.

"तो पलीकडे कोणी नेला, हेच मी दुपारपासून शोधतोय," तो म्हणाला. "सार्जंट, याचे हात बांध."