सरांचे हात

जबड्याचा कॅन्सर झालेले सर्जन खासनीस सर ऑपरेशन टेबलावर आडवे होते. भूल देण्याआधी त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला विचारलं, "मृण्मयी, या यांत्रिक हातमोज्यांत कुणाचे हात भरलेत?"

"तुमचेच, सर. सगळ्या हॉस्पिटलांत तुमच्याच हातांच्या हालचालींचं रेकॉर्डिंग आहे. मोजे कापतात, आम्ही फक्त हात आत घालतो."

"आणि नंतर पेशंटचा ओठ एका बाजूला लोंबतो."

"तो लोंबतोच ना, सर. पुस्तकातच दिलंय."

"पुस्तकात मीच लिहिलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्याकडून ओठाची नस कापली गेली. रिसर्च पेपर अडायला नको म्हणून ओठ लोंबणं अटळ ठरवलं." त्यांनी तिचं मनगट धरलं. "मोजे काढ. स्वतःच्या हातानं कर."

मृण्मयीनं मोजे काढले. तीन वर्षांत या बोटांनी एक टाकासुद्धा घातला नव्हता.

सरांना भूल चढेपर्यंत ती थांबली. मग तिनं मोजे पुन्हा चढवले.