पंचांचा हात

"हाड जुळलंय, काकू," तरुण डॉक्टर माझा एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाला.

"मग हात खांद्याच्या वर का जात नाही? मी काय ढोंग करते?"

"दुखणं खरंच आहे." त्याने एक्स-रे बाजूला ठेवून खुर्ची जवळ ओढली. "पडण्याआधी दिवसभर काय करत होतात?"

हे आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं: मी कबड्डीची पंच होते. आता घरचे मैदानावर जाऊ देत नाहीत, साधी कळशीही उचलू देत नाहीत.

त्याने माझ्या मुलाला बोलावून चांगलं झापलं. मला म्हणाला, "व्यायाम चालू ठेवा. आणि रविवारी आमच्या दवाखान्याचा सामना आहे, पंच तुम्ही."

रविवारी तो स्वतःच चढाईला आला आणि त्याचा पाय रेषेबाहेर पडला.

"नाही पडला!" तो हुज्जत घालू लागला. माझ्याशी!

मी शिट्टी फुंकली. "बाद!"

रेषेकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्या डोक्याच्याही वर गेलेल्या हाताकडे बघत होते.

पाय त्याने मुद्दाम टाकला का, हे मी अजून विचारलेलं नाही. बाद म्हणजे बाद.